आदिमानवाच्या जुन्या साहसकथा अजून कोण वाचतं का? (एका पुस्तकाची शेवटची पानंच नाहीत!)

अभ्या_सोलापूरकर

नमस्कार मंडळी,

प्रश्न जरा येडा वाटेल पण विचारल्याशिवाय चैन पडंना. झालं असं की गड्ड्याच्या यात्रेआधी (आमची सोलापूरची मोठी जत्रा) घरात साफसफाई काढली, साठलेले पेपर घालायला रद्दीवाल्याकडं गेलो आणि पेपर घालून त्याच्या दुप्पट वजनाची पुस्तकं घेऊन घरी आलो. किलोवर दिली त्यानं, लई स्वस्त. बायको तेव्हापासून बोलत नाहीये, ते असो.

गठ्ठा सगळा जुन्या इंग्लिश पेपरबॅकचा. पानं बिडीच्या पानासारखी तपकिरी झालेली, कोपरा दुमडला की तुकडा हातात. कव्हरवर बहुतेक ठिकाणी एकच चित्र, कातडं गुंडाळलेला पिळदार गडी, हातात भाला, समोर सुळेवाला वाघ आणि मागं धूर सोडणारा डोंगर. म्हणलं टाइमपास होईल. पण त्यातलं एक जॅक लंडनचं 'बिफोर ॲडम' निघालं (१९०७ चं आहे मूळ) आणि मी त्यात असा अडकलो की दोन रात्री झोप नाही.

त्यातला निवेदक आजच्या काळातला माणूस आहे, पण स्वप्नात तो लाखो वर्षांपूर्वीचा आपलाच पूर्वज होतो. अर्धा झाडावर, अर्धा गुहेत राहणारा. आपल्या सगळ्यांना उंचावरून पडायचं स्वप्न पडतं ना, ज्यात जमिनीला टेकायच्या आधीच खाडकन जाग येते? तर तो म्हणतो ही झाडावरून पडलेल्या पूर्वजांची आठवण आहे, आणि आपण कधीच खाली आपटत नाही कारण जे आपटले ते मेले, त्यांना पोरंच झाली नाहीत, मग त्यांची आठवण आपल्यापर्यंत येणार कुठनं! शास्त्र म्हणून हे किती टिकतं माहीत नाही पण वाचल्यावर मी गच्चीवर जाऊन पाच मिनिटं नुसता उभा राहिलो.

आता घोळ असा की विस्तव वापरणारी माणसं धनुष्यबाण घेऊन येतात, ह्या बिचाऱ्यांच्या टोळीवर हल्ला होतो, पळापळ सुरू, आणि माझ्या कॉपीत पानं तिथंच संपतात. पुढची कोणीतरी फाडलीत. (भज्याला वापरली असतील.)

तर १) शेवट कुठं वाचायला मिळेल? (काय होतं ते सांगू नका कोणी!) २) असलं अजून काय वाचू? ३) माझा एक मित्र म्हणतो ही असली पल्प पुस्तकं आता वाचणं म्हणजे वेळ घालवणं, सगळं खोटं शास्त्र आहे. खरं का?

---

वेताळाचा_पंखा

का बे अभ्या, एवढी पुस्तकं एकटाच वाचलालास होय, जरा इकडं पण पाठव की.

मित्राला सांग पल्प म्हणजे शिवी नाही. पल्प म्हणजे लाकडाचा लगदा, त्याच्यापासनं केलेला सगळ्यात स्वस्त कागद, म्हणून तुझी पानं बिडीपत्त्यासारखी झालीत. अमेरिकेत 'आर्गसी' नावाचं मासिक १८९६ पासनं असल्या कागदावर फक्त गोष्टी छापायला लागलं आणि मग तसल्या मासिकांची लाईनच लागली. गिरणीतनं, हाफिसातनं सुटलेल्या माणसानं चार आण्याच्या आत विकत घ्यावं, वाचावं आणि टाकून द्यावं. आपल्याकडं अर्नाळकरांच्या रहस्यकथांतले झुंजार आणि काळापहाड वाचणारे कोण होते? आमचे आजोबा मिलमध्ये होते, पाळीवरनं आले की भाड्याच्या लायब्ररीतली अर्नाळकरांची पुस्तकं वाचायचे, रोज एक. कोणी त्यांना साहित्य वाचताय का म्हणून विचारलं नाही आणि विचारलं असतं तर पुस्तक फेकून मारलं असतं.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एकच, एडगर राइस बरोज. टारझनवाला. हा माणूस आफ्रिकेत कधी गेला नाही, आधी पेन्सिलीला टोक करायच्या मशीन विकायच्या धंद्यात होता, आणि १९१२ साली 'ऑल-स्टोरी' मासिकात टारझन आला आणि सुटलाच. त्याचं 'द लँड दॅट टाइम फरगॉट' घे, १९१८ चं, 'ब्लू बुक' मासिकात तीन भागांत आलेलं. पहिल्या महायुद्धातली जर्मन पाणबुडी, त्यावर जर्मन आणि इंग्रज एकमेकांच्या उरावर, आणि ती पाणबुडी जाऊन पोचते एका कडेकपारीच्या बेटावर. आत डायनासोर, सुळेवाले वाघ, आदिमानव सगळं एकाच ठिकाणी, गड्ड्याच्या यात्रेत पाळणा मौत का कुआँ आणि भेळ एकाच रांगेत असतात तसं!

आणि लहानपणी इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ वाचला असेल तर आठव, त्याच्या ईडन बेटावर पण एक स्टेगोसॉरस पाळलेला होता. मी तिसरीत असताना आईकडं डायनासोर पाळूया म्हणून दोन दिवस जेवलो नव्हतो.

---

निवृत्त_मास्तर

अभ्या, तुझ्या मित्राचं थोडं बरोबर आहे रे. मी ३१ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि दरवर्षी एक तरी पोरगं विचारायचं, "सर, आदिमानव डायनासोर खायचा का?" हे कुठनं येतं? असल्या पुस्तकांतनं आणि सिनेमांतनं. १९६६ चा तो 'वन मिलियन इयर्स बी.सी.' भागवत टॉकीजला का कुठंतरी आम्ही पोरं जाऊन बघून आलो होतो, त्यात माणसं डायनासोरला भाले मारतायत! अरे, मोठे डायनासोर संपून ६ कोटी ६० लाख वर्षं झाली आणि आपल्या जातीचा माणूस फार तर ३ लाख वर्षांचा. मध्ये केवढा काळ गेला बघ. आपल्या भुईकोट किल्ल्याचा काळा दगड आहे ना, तो ज्या लाव्हाचा झाला तो लाव्हा दख्खनवर पसरत होता त्याच सुमारास डायनासोर संपले. म्हणजे किल्ल्याच्या भिंतीला हात लावलास तर डायनासोरच्या काळाला हात लावलास म्हण, पण माणसाच्या काळाला नाही.

डायनासोर बघायचेच तर चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला जा. तिथं त्यांचं दगड झालेलं शेण सापडतं, खरंच सांगतो, आणि त्याच्या तपासणीत २००५ साली गवताचे अंश निघाले. डायनासोरच्या काळात गवत नव्हतं असं आम्ही वर्गात सांगायचो, ते आमचंच चुकलं!

तरी एक कबूल करतो. बरोज तसा लबाड होता, त्याला हे माहीत असणार, म्हणून तर त्यानं एकदा हरवलेलं बेट काढलं आणि एकदा पृथ्वीच्या पोटात ५०० मैलांवर वेगळं जगच काढलं ('ॲट द अर्थ्स कोअर', १९१४). पळवाट आधीच करून ठेवलेली. त्या मानानं जूल व्हर्न बरा, त्याच्या १८६४ च्या पृथ्वीच्या पोटातल्या सफरीत निदान पात्रं दगडांची नावं तरी नीट घेतात. व्हर्न आमच्या पिढीला भा. रा. भागवतांनी मराठीत दिला, त्यांचे उपकार आहेत.

---

वेताळाचा_पंखा

मास्तर लाल शाईचा पेन घेऊनच बसलेत 😂 गोष्टीला पण मार्क देता का सर?

---

कडक_भाकरी

मी सहसा लिहीत नाही इथं, नुसती वाचते, पण आज राहवलं नाही.

डायनासोर बाजूला ठेवा हो. अभ्या, तुला जे अडकवलं ते डायनासोरनी नाही अडकवलं, 'बिफोर ॲडम'मध्ये डायनासोर आहेतच कुठं? तू 'क्वेस्ट फॉर फायर' वाच. मूळ फ्रेंच, रोनी एने नावाचा लेखक, १९०९ साली मासिकातनं क्रमशः आली आणि १९११ ला पुस्तक झालं. खरं म्हणजे ही काही त्या अमेरिकन मासिकांतली नव्हे पण जात तीच. गोष्ट एवढीशी आहे. एका टोळीकडं विस्तव आहे पण तो पेटवायचा कसा हे कोणाला येत नाही, पिढ्यानपिढ्या जपत आणलेला, पिंजऱ्यात ठेवून रात्रंदिवस त्याला खाऊपिऊ घालायला माणसं नेमलेली. लढाईत तो विझतो. मग तिघं जण विस्तव आणायला निघतात. बस.

आता मी हे का सांगते. अक्कलकोट तालुक्यात आमचं आजोळ. माझी आजी रात्री चूल आवरताना शेणीचा एक धगधगीत निखारा बाजूला काढायची, वर राख अशी अलगद ओढायची जशी बाळाला दुपट्यात गुंडाळतात, हातानं थापायची नाही, फुंकणीच्या टोकानं नुसती सारायची. जास्त राख झाली तर गुदमरून विझतो आणि कमी झाली तर रात्रीत जळून संपतो. पहाटे चारला उठून राख बाजूला केली की आत लालबुंद डोळा. काडेपेटी होती घरात, नव्हती असं नाही, पण ती देवाजवळ, दिव्यापुरती. "काडी कशाला मोडायची रोज" म्हणायची. आणि कधी निखारा विझलाच तर मला उलथनं देऊन शेजारी पिटाळायची विस्तव आणायला, आणि तो घेऊन पळत यायचं, मध्ये कोणाशी बोलायचं नाही. म्हणून तर कोणी आल्या आल्या निघालं की आपण म्हणतो ना, विस्तव न्यायला आलीस का गं?

पण एका घरी मात्र जायचं नाही. बांधावरनं भांडण होतं. मी एकदा चुकून गेले तर आजीनं उंबऱ्यातच उलथनं हातातनं घेतलं आणि तो निखारा अंगणात पाण्यात टाकला, चर्र झालं. 'त्यांच्यातून विस्तव जात नाही' हे शाळेत वाक्प्रचार म्हणून पाठ केलं तेव्हा बाईंना म्हणाले, बाई हे खरं असतं.

त्यामुळं त्या पुस्तकात विस्तव विझल्यावर सगळी टोळी थंडीपावसात नुसती बसून राहते तो भाग मला कोणी समजावून सांगावा लागला नाही. त्या लेखकाला मॅमथ किती खरा माहीत होता मला ठाऊक नाही, विस्तव मात्र त्याला माहीत होता. १९८१ ला सिनेमा झाला त्याच्यावर, त्यात हत्तींना केस चिकटवून मॅमथ केलेत, पण हसू येत नाही.

---

दगडधोंडे

@कडक_भाकरी ताई, उलथन्यावरचा निखारा वाचून काटा आला अंगावर. 🙏

मी पुण्यात असतो पण मूळ जुळे सोलापूरचा, पुरातत्त्वाचा नाद आहे, पोटाचा धंदा वेगळा. मला ह्या गोष्टींतली डायनासोरची चूक खपते, कारण ती कोणालाच लागत नाही. खपत नाही ती दुसरी चूक, निअँडरथल, म्हणजे आदिमानवाची एक संपून गेलेली जात. जवळजवळ सगळ्या जुन्या गोष्टींत तो केसाळ, वाकलेला, बायका पळवणारा राक्षस. रॉबर्ट हॉवर्डची पहिली विकली गेलेली कथा 'स्पिअर अँड फँग', वयाच्या १८ व्या वर्षी विकली आणि १९२५ ला 'विअर्ड टेल्स'मध्ये आली, त्यात हेच. एच. जी. वेल्ससारख्या माणसानं १९२१ ला लिहिलं त्यातही हेच.

हे आलं कुठनं तर फ्रान्समध्ये १९०८ साली एक सांगाडा सापडला, ला शापेल-ओ-सँ गावाजवळ. मार्सेलँ बूल नावाच्या तज्ज्ञानं तो जोडला आणि सांगितलं की हा गुडघ्यात वाकून, मान पुढं काढून चालायचा. पेपरवाल्यांनी उचललं, कथाकारांनी उचललं. १९५७ ला दुसऱ्यांनी परत तपासला तर तो म्हातारा होता आणि त्याला जबरदस्त संधिवात होता! म्हणजे आपल्या चाळीतल्या गुडघेदुखीवाल्या आजोबांना बघून कोणी ठरवावं की सोलापूरची माणसं अशीच वाकडी चालतात, तसं झालं. त्या एका म्हाताऱ्याच्या सांध्यांवर ५० वर्षांचे खलनायक उभे राहिले. आणि २०१० ला निअँडरथलांचा जीनोम (जनुकांचा अख्खा आराखडा) वाचला गेला तेव्हा कळलं की आफ्रिकेबाहेरच्या आपल्या सगळ्यांच्या अंगात एक-दोन टक्के ते आहेतच. ह्या कामातल्या स्वान्ते पेबोंना २०२२ चं नोबेल मिळालं. राक्षस आपलेच मामा निघाले.

त्यामुळं ह्या गोष्टी वाचताना 'काळे-केसाळ ते वाईट, गोरे-उंच ते हिरो' हा चष्मा दिसला की तो लेखकाच्या काळाचा आहे, अश्मयुगाचा नाही एवढं लक्षात ठेवायचं. बरोजमध्ये हे भरपूर आहे, पंखासाहेब नाराज होऊ नका.

---

वेताळाचा_पंखा

नाराज नाही भावा. खरंय ते. टारझन परत वाचायला घेतला होता मागच्या वर्षी, काही पानं पोरीसमोर मोठ्यानं वाचता येईनात, गपकन पुढची उलटली. तरी पाणबुडीवालं पुस्तक सोडवत नाही राव. त्यातली एक कल्पना अजून डोक्यातनं जात नाही, त्या बेटावर उत्क्रांती लाखो वर्षांत नाही तर एकाच माणसाच्या जन्मात होते, बिनभाषेवाला चालत चालत उत्तरेकडं जातो तसा तो आधी दगडवाला होतो, मग भालेवाला, मग धनुष्यवाला. म्हणजे पुढची टोळी हे तुझे शत्रू पण आणि तुझं उद्याचं रूप पण. स्वस्त कागदावर असलं सुचणं म्हणजे काय चेष्टा आहे का?

---

निवृत्त_मास्तर

ही कल्पना शास्त्र म्हणून शून्य. गोष्ट म्हणून दहापैकी आठ. घ्या मार्क.

वेल्सचं वाईट तेवढंच सांगितलंत म्हणून भर घालतो. त्याची १८९७ ची 'अ स्टोरी ऑफ द स्टोन एज' वाचा. त्यातला उघ-लोमी दगडाला दांडा बसवतो आणि पहिली कुऱ्हाड होते. पुढं घोड्यावरही बसतो, म्हणजे बसतो कसला, झाडावरनं त्याच्या पाठीवर पडतो आणि घोडा उधळतो. दांडा बसवला म्हणजे हात लांब झाला, हे मी वर्गात तरफ शिकवताना सांगायचो, तेवढ्या दिवशी मागची बाकं जागी असायची.

---

अभ्या_सोलापूरकर

बापरे, मी दोन दिवस कामात होतो आणि इथं एवढं! सगळ्यांचे आभार, मास्तरांचे जरा जास्त.

एक विचारू का, ही सगळी गोष्ट फ्रान्स, थेम्स, बर्फ, मॅमथ. आपल्याकडं असं काही घडलंच नाही का? मे महिन्यात ४४ डिग्रीत बसून बर्फातल्या माणसाला विस्तव नाही म्हणून रडायला जरा कसंतरी वाटतं.

---

दगडधोंडे

घडलं नाही?? अरे तुझ्या दारात घडलंय. गुलबर्ग्याच्या पुढं यादगीर जिल्ह्यात हुणसगीचं खोरं आहे, पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञ के. पद्दय्यांनी आयुष्य घातलं तिथं. इसामपूरला तर चुनखडीच्या लाद्या फोडून हातकुऱ्हाडी करायचा अख्खा कारखाना सापडला, वय सुमारे १२ लाख वर्षं. आपल्या आजच्या जातीचा माणूस तेव्हा नव्हताच. फोडलेल्या लाद्या, ठोकायचे गोटे, अर्धवट सोडलेली हत्यारं, सगळं जिथल्या तिथं, जसं काही भोंगा झाला आणि पाळी सुटली.

इकडं चाळीसगाव तालुक्यात पाटण्याला शहामृगाच्या अंड्याची कवचं सापडली, त्यावर रेघांची नक्षी कोरलेली, साधारण २५ हजार वर्षांपूर्वीची. म्हणजे खानदेशात शहामृग पळत होते! आपण नान्नजला जाऊन एक माळढोक दिसावा म्हणून दिवसभर दुर्बीण लावून बसतो, तो गडी माळावर शहामृगाची अंडी शोधत फिरत असेल, एका अंड्यात अख्ख्या घरादाराचं ऑम्लेट. आणि भीमबेटका, मध्य प्रदेशातल्या आदिमानवाच्या चित्रांच्या गुहा, १९५७ ला जगासमोर आणलं ते आपल्या पुरातत्त्ववाल्या वाकणकरांनी, रेल्वेतनं जाताना खडक दिसले म्हणतात आणि उतरून चालत गेले.

मॅमथ नको, बर्फ नको. काळी माती, बाभळी, आटलेली नदी आणि १२ लाख वर्षांपूर्वीचा उन्हाळा. लिहा की कोणीतरी. ताई तुम्हीच लिहा, विस्तवाचं प्रकरण तयारच आहे.

---

कडक_भाकरी

मी कसली लिहिते, भाकरी करपेल. पण अभ्या, लिहिणार असशील तर बाईला नुसती पळवून न्यायला ठेवू नकोस गोष्टीत. विस्तव सांभाळत कोण बसलं असेल रात्रभर, तिलाच विचार.

आणि तुझ्या पहिल्या प्रश्नाचं कोणी उत्तरच दिलं नाही! 'बिफोर ॲडम' प्रोजेक्ट गुटेनबर्ग ह्या जुन्या पुस्तकांच्या वेबसाइटवर फुकट आहे, मोबाइलवर उघडेल. लंडन १९१६ लाच गेला. आपल्याकडं लेखक गेल्यावर ६० वर्षांनी पुस्तकाचे हक्क (कॉपीराइट) संपतात, बरोज १९५० ला गेला त्यामुळं त्याचंही २०११ पासनं मोकळं आहे. कोणाला मराठीत करायचं तर खुशाल करा, कोणी विचारायला येणार नाही.

---

अभ्या_सोलापूरकर

वाचला ताई शेवट. सांगत नाही, बाकीच्यांनी वाचा. फक्त एक, त्यात मध्ये कुत्र्याचं पिल्लू पाळायचा प्रयत्न आहे, आणि त्याचं जे होतं ते वाचून मी आमच्या मोत्याला उठून एक जादा बिस्कीट दिलं.

आणि परवा एक येडेपणा केला. बाजारातनं शेणी आणल्या, गच्चीवर जुन्या घमेल्यात पेटवल्या, आणि ताईंच्या आजीसारखा एक निखारा राखेत पुरून ठेवला. पहिल्या रात्री विझला. राख जास्त झाली असणार. काल परत केला, ह्या वेळी हातानं थापली नाही, पत्र्याच्या तुकड्यानं नुसती सारली. पहाटे साडेचारला जाऊन बघतो तर वर सगळं पांढरं, गार. म्हणलं गेला. काडीनं राख सारली तर तळाला हरभऱ्याएवढा लाल ठिपका. फुंकला तसा वाढला.

पाणी यायचा दिवस होता, बायको टाकी बघायला गच्चीवर आली. मी घमेल्यापुढं गुडघ्यावर, तोंडाला राख. ती बघत राहिली. तीन आठवड्यांनी पहिल्यांदा बोलली, "काय करलालाव हो?"

म्हणलं, विस्तव राखलालोय.

म्हणली, "मग आणा खाली, गॅस संपलाय."